सिंहासनाचे बाराशे चिमटे

प्लास्टिकला तोंड नसतं, या एका भरवशावर मी तीस वर्षं धंदा केला. सत्तेचाळीस सालच्या फेब्रुवारीत तो भरवसा गेला, आणि तो घालवायचा मान माझ्याच शेडमधल्या मैनुद्दीनला मिळाला.

कुपवाड एमआयडीसीत माझं, म्हणजे श्रीपाल उपाध्येचं, तीन मशीनचं मोल्डिंगचं शेड आहे. साबणदाण्या, न्हाणीतले मग, कपडे वाळत घालायचे चिमटे असला किरकोळ माल. मैनुद्दीन मुल्ला पहिल्या दिवसापासून माझा ऑपरेटर. आता त्याची दाढी पांढरी झाली आहे आणि माझं टक्कल पूर्ण झालं आहे. त्या दिवशी सकाळच्या चहाला त्यानं फोन काढला, माझ्या चहाच्या प्लास्टिकच्या कपाला पाठीकडून टेकवला आणि मनातल्या मनात दहा मोजले.

"मालक, हा कप गेल्या जन्मी बॅटरीची पेटी होता. त्याच्या आधी स्कूटरचा मडगार्ड. त्याच्या आधी..." त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "राहू दे. तुम्ही चहा पिऊन घ्या आधी."

मी कप खाली ठेवला. "हे काय नवीन?"

"मागोवा. कालपासून सगळ्यांच्या फोनात आलंय. कुठल्याबी प्लास्टिकला टेकवायचा, त्याची सगळी कुंडली सांगतंय. खुणा वाचतंय म्हणं."

खुणा म्हटल्यावर मी उठून शेडचं दार लोटून घेतलं. का ते समजायला आधी आमचा धंदा थोडा समजून घ्यावा लागेल.

प्लास्टिकची वस्तू बनवणं अवघड नाही. साबुदाण्यासारखा दिसणारा दाणा मशीनच्या डोक्यावरच्या नरसाळ्यात ओतायचा. खाली एका तापलेल्या नळीत जाडजूड स्क्रू फिरत असतो. तो दाण्याला पुढं ढकलतो, दोनशे वीस अंशाला दाण्याचा पाक होतो, आणि तो पाक दाब देऊन लोखंडी साच्यात भरायचा. थंड झाला की साचा उघडतो आणि चिमटा बाहेर पडतो. वस्तू जुनी झाली, मोडली, की ग्राइंडरात टाकून चुरा करायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. नव्या दाण्यात जुना चुरा सगळेच मिसळत, आणि गिऱ्हाईकाला सगळेच छातीठोकपणे "एकदम नवा माल" म्हणून सांगत. चुरा कशाचा आहे, हे विचारायची आमच्यात रीत नव्हती.

तीस साली सरकारनं खुणेचा नियम आणला. खूण म्हणजे एक लांबलचक रेणू, मण्यांच्या माळेसारखा. माळेत चार प्रकारचे मणी, आणि त्यांचा क्रम म्हणजे एक आकडा. ही माळ साच्याच्या उष्णतेत तुटत नाही, हेच तिचं वैशिष्ट्य. प्रत्येक कारखान्याला दर लॉटसाठी वेगळ्या माळेची पुडी मिळायची. दाण्यात ती चिमूटभर टाकायची आणि सरकारी नोंदीत त्या आकड्यापुढं लिहायचं की कुणी, कोणत्या तारखेला, काय बनवलं आणि किती नग. पुढं तो माल वितळवून दुसऱ्यानं काही केलं की तो स्वतःची पुडी टाकणार, पण आधीच्या माळा आत तशाच राहणार. वितळवल्यानं प्लास्टिकचं रूप बदलतं. खूण पुसली जात नाही, उलट एक वाढते.

नियम चांगला होता, पण खुणा वाचायचं यंत्र खोलीएवढं आणि तेही कुठल्या तरी लांबच्या प्रयोगशाळेत. त्यामुळं निम्म्या एमआयडीसीनं पुड्या टेबलाच्या खणात टाकून दिल्या. मी मात्र दाण्यात टाकल्या. प्रत्येक लॉटला, मापानं. कामात चालढकल मला जमत नाही. घरात जमते, ते पुढं येईलच. सतरा वर्षांत ते यंत्र नखाएवढं झालं आणि फोनात बसलं. फोन एकाच रंगाचा प्रकाश सोडतो, प्रत्येक मणी तो किंचित वेगळा करून परत पाठवतो, आणि त्या परतलेल्या रंगांवरून फोन माळ वाचतो.

मैनुद्दीननं आवाज खाली आणला. "मालक, ते सिंहासन."

"कसलं सिंहासन?" मी म्हणालो.

"तेव्हा एका सोमवारी ग्राइंडरात सिंहाचा जबडा अडकला होता. मीच काढला होता. अकरा वर्षं झाली, मी काय बोललो का? पण आता ते चिमटेच बोलणार. त्या लॉटला पुडी घातली होती का तुम्ही?"

"घातली होती."

"कशाला घातली?"

"नियम होता म्हणून."

मैनुद्दीननं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की तीस वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या प्रामाणिकपणाची लाज वाटली.

ते सिंहासन माझ्या मेहुण्याचं. सुकुमार चौगुल्याला आज लोक जयसिंगपूरचा टाकीसम्राट म्हणतात. मी म्हणत नाही. पण पाण्याच्या टाक्यांकडं वळायच्या आधी त्यानं खुर्च्या करून बघितल्या होत्या, आणि त्याची पहिली खुर्ची त्यानं आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला आपल्या आक्काला, म्हणजे माझ्या बायकोला, पद्माला भेट दिली. रंग पोपटी. पाठ डोक्याच्या वर दीड फूट. दोन्ही हातांच्या टोकाला सिंहाची तोंडं, आणि ते सिंह दिसायला आजारी मांजरासारखे. बसलं की बैठकीच्या फटीत मांडीचं कातडं सापडायचं. सुकुमार दर वेळी आला की त्या खुर्चीवर बसायचा आणि मला शिकवायचा, "दाजी, तुमच्या मगाला खड्डे पडतात. साचा नीट थंड करत जावा." त्याच्या सिंहाच्या गालावर बत्ताशाएवढे खड्डे होते, पण ते बोलायची सोय नव्हती. मेहुणा होता.

गल्लीत मात्र त्या सिंहासनाला भारी मान. कुणाकडं डोहाळजेवण असलं की आमच्या दारात निरोप यायचा. बायका त्याला झेंडूच्या माळा घालायच्या, पाठीला मोगऱ्याच्या वेण्या, आणि त्यात लेकीला किंवा सुनेला बसवून फोटो काढायच्या. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं जन्मायच्या आधी त्या सिंहासनावर बसून आलेली आहेत. ही सगळी ने-आण पद्मा आणि शेजारच्या शालनवहिनी मिळून बघायच्या. भिंतीला भिंत लागून घर, आणि या दोघींचं असं होतं की एकीला शिंक आली की दुसरी भिंतीपलीकडून "काढा करू का" म्हणायची. उन्हाळ्यात कुरडया, पापड, शेवया एकत्र. दुपारी दोनला सुरू झालेल्या गप्पा दिवेलागणीला दारात उभ्या राहून आणखी तासभर चालायच्या. इतकं काय बोलत असतील, याचं मला तेव्हा नवल वाटायचं.

छत्तीस सालच्या मे महिन्यातला एक रविवार. पद्मा माहेरी जयसिंगपूरला गेली होती. माझ्या गळ्याशी हिरव्या चिमट्यांची मोठी ऑर्डर होती, टेम्पो चारला येणार होता, आणि दाणा सहा किलो कमी पडला. व्यापारी बंद. सकाळी दहाला शालनवहिनी खुर्ची घेऊन दारात. भाचीचं डोहाळजेवण आटोपलं होतं.

"भावजी, खुर्ची आणली. पद्माला सांगा, वेणी काढायची राहिलीय मागची."

त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि गेल्या. मी थोडा वेळ तिच्यावर बसलो. कातडं सापडलं. मी उठलो, खुर्ची ताणकाट्यावर टांगली. सहा किलो दोनशे. रंगही हिरवाच. पुढचं सगळं मी काम म्हणून केलं, पण जीपच्या टपावर तिला बांधताना मी गुणगुणत होतो हे कबूल करायला हवं. ग्राइंडरात पाठ गेली, पाय गेले, शेवटी सिंह. चारच्या आत बाराशे चिमटे तयार. पुडी मापानं टाकली, नोंद वेळेवर केली.

गंमत अशी की गिऱ्हाईकानं तेच बाराशे परत पाठवले. बाकीच्यांशी रंग जुळत नाही म्हणाले. पोती गोदामात पडून राहिली.

पद्मा बुधवारी परत आली आणि तिनं विचारलं, "शालननं खुर्ची दिली का?"

इथं मी खरं सांगू शकलो असतो. भांडण झालं असतं, सुकुमार महिनाभर रुसला असता, विषय संपला असता. मी म्हणालो, "नाही बुवा." शालनवहिनींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मी भावजींच्या हातात दिली की." पद्मानं त्यांच्यासमोरच मला पुन्हा विचारलं. मी छताकडं बघत म्हणालो, "मला तरी काही आठवत नाही." शालनवहिनी वळल्या आणि गेल्या. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. पुढच्या संक्रांतीला पद्मानं गोदामातले ते चिमटे डझनाच्या शंभर पिशव्या करून, दोन-तीन घरात ठेवून, बाकीचे हळदीकुंकवाला वाण म्हणून लुटले. कॉलनीतल्या झाडून सगळ्या बायकांना दिले, शालनवहिनी सोडून.

मी पद्माला अनेकदा एकटीला कुरडयांचा सोऱ्या दाबताना बघितलं आहे. दोन माणसांचं काम आहे ते. मी मदतीला गेलो की म्हणायची, "तुम्हाला नाही जमणार." अकरा वर्षं मी रोज उद्या सांगू म्हणत आलो.

मागोवा आल्यावर आठवड्यात सांगलीचं डोकं फिरलं. एका पक्षाच्या सभेतल्या खुर्च्या विरोधी पक्षाच्या झेंड्याच्या काठ्यांपासून झालेल्या निघाल्या आणि सभा उभ्यानं पार पडली. एका लग्नात मुलाकडच्यांनी रुखवतातल्या बादल्या तपासल्या, त्यात एक आधी संडासातला मग होती असं निघालं, आणि वरमाय जेवायला बसेना. दुकानांवर "सात पिढ्या शुद्ध" अशा पाट्या लागल्या. माणसाची जात विचारायची जरा चोरी झाली होती, तर लोकांनी बादलीची विचारायला सुरुवात केली. मी हे सगळं वाचून हसलो असतो, पण पद्मानं स्वयंपाकघरापासून सुरुवात केली होती.

"ही चाळण आधी काय होती माहीत आहे का? कुंडी. चालंल. हा डबा? दवाखान्यातलं सुईचं खोकं. अहो, तुम्ही यातले बेसनाचे लाडू खाल्ले."

"गोड होते."

"तुम्हाला कशाचं काही नसतं." तिनं डबा दाराबाहेर ठेवला. "उद्या न्हाणीघर बघते. मग गॅलरी."

गॅलरीत दोरी होती आणि दोरीवर चोवीस चिमटे. त्याच जेवणात तिनं आणखी दोन बातम्या दिल्या. रविवारी सुकुमार जेवायला येणार होता, आणि सध्या तो जाईल त्या घरात आपला जुना माल शोधत सुटला होता. दुसरी बातमी तिनं ताटाकडं बघत सांगितली. "शेजारचं घर विकलं म्हणे. पुढच्या रविवारी जाणार हुबळीला, पोराकडं." अकरा वर्षांत तिनं शालनवहिनींचं नाव घेतलं नव्हतं. तेव्हाही घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी पद्मा बाजारात गेल्यावर मी आमच्या दोरीवरचे चोवीसच्या चोवीस चिमटे काढून नवे निळे लावले. मग लक्षात आलं की कॉलनीतल्या बायकांचा ग्रुप आहे आणि त्यावर सगळ्या जणी आपापल्या वस्तूंची कुंडली टाकत आहेत. एकीनं चिमट्याला फोन लावायचा अवकाश. मैनुद्दीनला विचारलं, सगळे गोळा करून वितळवले तर? तो म्हणाला, "मालक, मग त्याचे मग होतील आणि खुणा दोनाच्या तीन होतील. तेवढंच."

तरी मी पिशवीत नवे चिमटे भरले आणि भर दुपारी, बायका आडव्या झाल्या असताना, घराघराच्या मागच्या दोऱ्यांवरून फिरलो. एक पोपटी काढायचा, एक निळा लावायचा. चोरी नव्हती, अदलाबदल होती. सातव्या घरी माझ्या एका हातात परकर आणि दुसऱ्या हातात चिमटा असताना वरून आवाज आला.

"भावजी, तो देवमाने काकूंचा परकर आहे."

शालनवहिनी त्यांच्या गच्चीत उभ्या होत्या. अकरा वर्षांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलत होत्या.

"माहीत आहे," मी म्हणालो.

"माहीत असलं तर बरं."

"चिमटे बदलून देतोय. जुने झालेत ना, तुटतात. आमच्याकडून मोफत सेवा."

"तुटलेला एक दाखवा बघू."

पिशवीत ऐंशी चिमटे होते आणि एकाचाही टवका उडालेला नव्हता. सुकुमारनं ते सिंहासन बागेत ठेवता यावं म्हणून त्यात उन्हाला दाद न देणारं औषध भरपूर घातलं होतं. माझ्या स्वतःच्या चिमट्यांचा तीन उन्हाळ्यांत भुगा होतो. मेहुण्यानं आयुष्यात एकदा चांगला माल केला तो नेमका माझ्या मुळावर आला.

"माझ्याकडं यायचे कष्ट घेऊ नका," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं लाकडी आहेत. ते वाण माझ्यापर्यंत आलं नव्हतं."

त्या आत गेल्या. मी परकर नीट लावला आणि घरी आलो. राहिलेल्या दोऱ्यांवर जायची माझी हिंमत झाली नाही.

रविवारी सुकुमार आला. पुरणपोळी, दूध, कटाची आमटी. त्यानं येतायेताच दारातली चपलांची मांडणी तपासली, मग पाण्याचा माठ ठेवायचा स्टँड, मग माझ्या चष्म्याचं घर. त्याचा माल कुठंच निघाला नाही, त्यामुळं मला पहिली पोळी गोड लागली. गॅलरीतली दोरी निळी होती. मी दुसरी पोळी घेतली.

"आक्का, ते रव्याच्या पुड्याला काय लावलंयस?" सुकुमार म्हणाला.

ओट्यावर रव्याचा फोडलेला पुडा होता. त्याचं तोंड दुमडून पद्मानं त्यावर पोपटी चिमटा लावला होता. जगातली प्रत्येक बाई चिमटे फक्त कपड्यांना लावते असं समजणारा मूर्ख तेव्हा पोळीवर तूप वाढून घेत होता. सुकुमारनं डाव्या हातानं चिमटा घेऊन फोन टेकवला.

"श्रीपाल मोल्डिंग, कुपवाड. चिमटा, हिरवा. अठरा मे छत्तीस. दाजी, तुमचाच की." मग तो थांबला आणि त्याचा चेहरा उजळला. "सुकुमार प्लास्टिक्स, जयसिंगपूर. सिंहासन खुर्ची. आक्का, माझं सिंहासन आहे हे."

पद्मानं चिमटा त्याच्या हातातून घेतला. मी ताटाकडं बघत वाट बघत होतो. शब्द आले नाहीत म्हणून वर बघितलं. ती माझ्याकडं बघतच नव्हती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती हसत होती, आणि डोळे भरून आले होते.

"म्हणजे शालननं नेली नव्हती," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत मी तिला इतकं आनंदलेलं बघितलं नव्हतं. तिला खुर्ची नकोच होती. तिला फक्त शालन चोर नको होती.

"अगं पण थांब," सुकुमार म्हणाला. "इथं नग दोन लिहिलंय. दोन काढल्या होत्या मी. दुसरी साच्यातनं निघतानाच वाकली, ती तेव्हाच भंगारात दिली. सांगलीच्याच भंगारवाल्याला. तीच दाजींच्या चुऱ्यात आली असणार. घेत होता न्हवं दाजी त्याच्याकडनं चुरा?"

मेहुणा असावा तर असा. मी न मागता, मला न सुचलेली वाट त्यानं ताटात वाढली होती. मला फक्त मान हलवायची होती. एकदा. बोलायचीही गरज नव्हती.

पद्माचा चेहरा हळूहळू पूर्वीसारखा झाला. "असं होय," ती म्हणाली. "म्हणजे ते आपलं तसंच." तिनं चिमटा परत रव्याच्या पुड्याला लावला, दोनदा दाबून बघितला आणि विचारलं, "सुकुमार, पोळी वाढू?"

मी पुष्कळ वेळा स्वतःला विचारलं आहे, की तिनं आदळआपट केली असती तर मी बोललो असतो का. बहुतेक नसतो. पण तिनं ज्या सवयीनं ते दुःख जागच्या जागी ठेवून पोळी वाढायला घेतली, ते मला सहन झालं नाही. ही सवय मीच तिला लावली होती.

"नाही," मी म्हणालो. "ती दुसरी नाही. ती आपलीच. शालनवहिनींनी माझ्या हातात दिली होती. मी ग्राइंडरात घातली."

घास तोंडाशी नेलेला सुकुमारचा हात तसाच राहिला. "माझं सिंहासन? सिंहासकट?"

"सिंहासकट."

"आणि वर मला विचारता, टाकीला झाकण फुकट देशील का म्हणून." तो पाट सरकवून उभा राहिला, आणि पोळी अर्धी आहे हे दिसल्यावर पुन्हा बसला.

 पद्मानं गॅस बंद केला, पदराला हात पुसले, पुड्याचा चिमटा काढून घेतला आणि अनवाणी बाहेर गेली. मी खरकट्या हातानं तिच्या मागून गेलो.

शालनवहिनी पसाऱ्यात बसून काचेची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. पद्मानं त्यांच्यासमोर चिमटा ठेवला. 

"ही माझी खुर्ची," ती म्हणाली. "मीच वाटली गावाला. गल्लीत प्रत्येकाच्या घरात आहे शालन. एक तुझ्याच घरात नाही."

शालनवहिनींनी चिमटा हातात घेऊन त्याची उघडझाप केली. "मला कशाला दाखवतीस? मला माहीतच होतं. मीच दिली होती त्यांच्या हातात."

"मग सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं की. तुझ्यासमोर उभी राहून. तेव्हा तू त्यांच्याकडं बघितलंस. माझ्याकडं बघितलंच नाहीस."

 मला वाटलं आपण काही तरी बोलायला हवं. "वहिनी, चूक माझी आहे," मी म्हणालो. "माफ करा."

"तुमची आहेच," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण तुमच्यावर मी कधी रागावले नव्हते, भावजी. तुमच्याकडून माझी काही अपेक्षाच नव्हती."

हे ऐकून मला बरं वाटावं की वाईट, हे मी अजून ठरवतो आहे.  त्यांनी बाजूच्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा पद्माकडं सरकवला. पद्मा खाली बसली, एक ग्लास उचलला आणि गुंडाळायला लागली. कुणी रडलं नाही, कुणी गळ्यात पडलं नाही. थोड्या वेळानं पद्मा म्हणाली, "हे अशानं फुटतील, मधे कापड घाल." शालनवहिनी म्हणाल्या, "कापड संपलंय." पद्मा मला म्हणाली, "आपल्या कपाटातल्या जुन्या चादरी आणा." मी चादरी आणल्या आणि मग मला कुणी थांब म्हटलं नाही.

तो आठवडा पद्मा घरी फक्त झोपायला आली. रुसलेला सुकुमार मुक्कामालाच राहिला आणि आम्ही दोघांनी मिळून उरलेली कटाची आमटी तीन दिवस खाल्ली. तो जाताना म्हणाला की आक्काची समजूत पटली असली तरी त्याची पटलेली नाही. मैनुद्दीननं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता पुढचं काय?" मी म्हणालो, "जाईल दोन दिवसांत निवळून." तो मशीनकडं वळला. त्याला बायका जास्त कळतात, त्याला चार बहिणी आहेत.

पुढच्या रविवारी सकाळी टेम्पो आला. सामान चढलं. गल्ली निरोपाला जमली. मी शेवटची गादी चढवून घाम पुसत होतो, तेवढ्यात पद्मा आमच्या दारातून बाहेर आली. अंगावर प्रवासाची साडी, हातात बॅग. तिनं किल्ली माझ्या हातात ठेवली.

"डाळ भिजत घातलीय. गॅसवाला मंगळवारी येईल."

"तू कुठं निघालीस?"

"हुबळीला. शालनला घर लावायला कुणी तरी हवं की."

"किती दिवस?"

"अकरा वर्षांचं बोलायचं राहिलंय," पद्मा म्हणाली. "ते झालं की येते."

ती ड्रायव्हरशेजारच्या बाकावर चढली. शालनवहिनी खिडकीकडं सरकल्या आणि त्यांनी तिला जागा करून दिली. टेम्पो कोपऱ्यावर वळेपर्यंत मी हात वर करून उभा होतो, पण दोघींचं बोलणं केव्हाच सुरू झालं होतं आणि माझ्याकडं बघायचं दोघींच्याही लक्षात राहिलं नाही.